वाई ते हरिपूर : सांडपाण्याच्या मागावर पाच दिवस

पहिला दिवस : पुणे, मेणवली, वाई

पहाटे सहाला पुणं सोडलं. गाडीत आम्ही तिघं. मी, प्रयोगशाळेची बाजू सांभाळणारी माझी तरुण सहकारी, आणि आठ वर्षं आमच्याबरोबर नदीकाठ हिंडणारे गाडीचे मामा. मागे थर्माकोलच्या दोन पेट्या, धुऊन ठेवलेल्या साठ बाटल्या, बादली, दोर, गमबूट आणि मधोमध व्ही आकाराची खाच कापलेली पत्र्याची फळी. खंबाटकीच्या वळणांवर ती फळी सारखी खडखडत होती.

निमित्त एका पत्राचं. वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावानं आम्हाला बोलावलं होतं. ३,६०० वस्तीचं, उसाचं आणि दुभत्याचं गाव. गावठाणाचं सगळं सांडपाणी एका ओढ्यात उतरतं आणि ओढा नदीत. 'त्याचे काय करता येईल ते येऊन सांगावे', एवढाच मजकूर. सोबत आधी कुणीतरी करून दिलेला प्रस्ताव जोडला होता. रोज सुमारे ४ लाख लिटर पाण्याचा, विजेवर चालणारा प्रकल्प. त्याच्या समासात सरपंचताईंनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वीजबिल कोण भरणार?' ती ओळ वाचली आणि मी त्याच दिवशी होकार कळवला.

सरळ महामार्गानं गेलो असतो तर दुपारच्या आत गावात असतो. पण नदीचं खालचं पाणी तपासायचं तर आधी वरचं बघावं, ही माझी सवय आहे. शिवाय वाटेत एका जुन्या कामाकडे जायचं होतं. बारा वर्षं मी तिकडे फिरकले नव्हते.

वाईच्या आधी मेणवलीला उतरलो. नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट सकाळी अगदी रिकामा होता. धोम धरणातून सुटलेलं पाणी पायऱ्यांना लागून संथ चाललेलं. सहकारीनं पाण्यात बाटली बुडवून बुडबुडा न ठेवता बूच लावलं, मग दोन द्रावणांचे थेंब सोडले. १८८८ साली लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं शोधलेली ही रीत अजून आम्हाला सगळ्यात जवळची वाटते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराफेक राहतो. यंत्राच्या आकड्यापेक्षा हा रंग लोकांना लवकर पटतो.

बाटलीत दाट तपकिरी ढग उतरत असताना घाटावर एक आजी आल्या. ओटीचं ताट बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "काय बघता गं पोरींनो?"

"पाण्यात हवा किती आहे ते बघतोय, आजी."

"म्हणजे कृष्णाबाईचा श्वास बघताय होय!" त्या म्हणाल्या आणि बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरून नीट बघितली.

माघ चालू होता. वाईत कृष्णाबाईचा उत्सव एका घाटावरून दुसऱ्या घाटावर सरकत होता. संध्याकाळी मांडवात बसलो, प्रसाद घेतला. नदीला माहेरवाशिणीसारखं सजवणाऱ्या गावाला सांडपाण्याचं महत्त्व वेगळं पटवावं लागत नाही. अडतं ते पुढच्या कामात. गटार कुठून निघतं, किती वाहतं, ते कोण सांभाळणार, या प्रश्नांशी.

दुसरा दिवस : लिंब आणि ते जुनं काम

साताऱ्याच्या अलीकडे लिंबची बारामोटेची विहीर लागते. मामांनी आग्रहानं गाडी आत घातली. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी आमराईसाठी बांधून घेतलेली ही अष्टकोनी विहीर मी आधी दोनदा पाहिली होती, पण आज मोटेचं पाणी जिथे पडतं त्या थारोळ्यांकडे वेगळ्या नजरेनं बघितलं. बारा मोटा एकाच वेळी चालत. म्हणजे बारा जोड्या बैल, बारा माणसं, त्यांच्या पाळ्या, कातड्याच्या मोटा शिवणारा, दोर वळणारा. विहीर बांधताना ही सगळी माणसं आणि जनावरं आधी धरली गेली होती, म्हणूनच तर बैलांना मागे सरकायला उतार आहे, हौदाला कड आहे. चालवणारा माणूस इथे दगडातच कोरून ठेवलाय.

तिथून पाऊण तासावर ते गाव. नाव लिहीत नाही. बारा वर्षांपूर्वी मी एका सल्लागार कंपनीत नवी होते आणि तिथल्या मैलापाणी प्रकल्पाच्या हवा देण्याच्या टाकीचे नकाशे मी काढले होते. पद्धत जुनी आणि खात्रीची. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवून दिलेली. मैलापाण्यात ब्लोअरनं हवा फुंकत राहायची, जिवाणू वाढतात, घाण खातात, मग गाळ होऊन तळाशी बसतात. त्यातला थोडा गाळ पुन्हा टाकीत सोडायचा की चक्र चालू. जगातली निम्मी शहरं तरी याच वाटेनं आपलं पाणी धुतात, असं मला तेव्हा अभिमानानं वाटायचं. पण हे जिवाणू श्वासाला वीज मागतात. हवा थांबली की काही तासांत टाकी सडायला लागते.

प्रकल्प चौदा महिने चालला. राखण करणारे काका अजून तेच होते. त्यांनी ओळखलं.

"मॅडम, पहिल्यांदा बिल थकलं. ते भरलं तर ब्लोअरचं बेअरिंग गेलं. पुण्याचा माणूस यायला तीन आठवडे लागले. तोवर सगळं मेलं. मग कुणी हातच लावला नाही."

मी ऐकून घेतलं. आमच्या अहवालात 'देखभाल व दुरुस्ती' या मथळ्याखाली दीड पान होतं, त्यातला मोठा भाग मीच लिहिला होता. बेअरिंग साताऱ्यात कुठल्या दुकानात मिळतं, ते बदलायला गावातल्या कुठल्या मिस्त्रीला शिकवायचं, हे त्या दीड पानात नव्हतं. मी तेव्हा या काकांशी एकदाही बसून बोलले नव्हते. ही चूक माझी आहे, आणि ती लिहून ठेवल्याशिवाय या प्रवासाचा हिशेब पुरा होत नाही.

टाकीकडे गेलो तर टाकी दिसेचना. आत गाळ भरलाय आणि त्यावर पुरुषभर उंच पाणकणीस माजलंय. कडेला नळ या उंच गवताची बेटं. आमची चाहूल लागून एक पाणकोंबडी आत पळाली. मैलापाणी अजूनही उतारानं पहिल्या टाकीत येतं, या रानातून वाट काढतं आणि पलीकडच्या सांडव्यावरून नाल्यात पडतं. येणाऱ्या पाण्याचा साका पांढरा पडला, तसा तो पडणारच होता. सांडव्यावरच्या पाण्याचा फिकट बदामी आला. सहकारीनं माझ्याकडे बघितलं. आम्ही दोन्हीकडची पाणी बाटल्यांत भरली, बर्फात ठेवली आणि संध्याकाळच्या आत साताऱ्यातल्या प्रयोगशाळेत पोचवली.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो त्याचं माप. परदेशात नमुना २० अंशांवर पाच दिवस ठेवतात. आपल्याकडच्या उष्ण हवेला धरून भारतीय मानकानं २७ अंश आणि तीन दिवस असं ठरवलंय. तीन दिवस म्हणजे आम्ही सांगलीत असू तेव्हा उत्तर येणार. रात्री साताऱ्यात मुक्काम. अजिंक्यताऱ्यावरचे दिवे खिडकीतून दिसत होते आणि माझ्या डोळ्यांसमोरून तो बदामी साका हलत नव्हता.

तिसरा दिवस : कराड, मग गाव

कराडला प्रीतिसंगमावर दहाच मिनिटं थांबलो. कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून पुढे जातात, ते दृश्य कितीदाही बघावं. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी शाळेची सहल आली होती. एक लाखाच्या आतल्या शहरांत २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिलं आलेलं हे शहर, आणि शेजारचं मलकापूर चोवीस तास नळाला पाणी देण्यासाठी नावाजलेलं. मलकापुरात घरोघरी मीटर आहेत. पाणी मोजलं की ते जपून वापरलं जातं, आणि जपून वापरलं की सांडपाणीही आवाक्यात राहतं. हा साधा संबंध आमच्या क्षेत्रातही पुष्कळदा विसरला जातो. बर्फाच्या कारखान्यातून लादी घेतली, पोत्यात गुंडाळून पेट्यांत फोडली, आणि निघालो.

गावात तीनला पोचलो. ग्रामपंचायतीत चहा झाला. सरपंचताई, ग्रामपंचायत अधिकारी, दोन सदस्य, आणि दाराशी उभा असलेला एक सडपातळ माणूस. टाकीवरून गावाला पाणी सोडणारे 'पाणी दादा'. मी त्यांना आत बसायला सांगितलं. ते अवघडले, पण बसले.

"दादा, गावात पाणी कधी सोडता?"

"सकाळी साडेसहाला वरच्या आळीला, सव्वासातला मधल्या आळीला, आठला खालच्या आळीला. दिवसाआड न्हाय, रोज."

आधीचा प्रस्ताव मी उघडला. त्यात माणशी १३५ लिटर पाणीवापर धरला होता. हा आकडा भुयारी गटार असलेल्या शहराचा. ३,६०० माणसं, प्रत्येकी १३५ लिटर, त्यातलं ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असा गुणाकार केला की ३ लाख ८९ हजार लिटर येतात. म्हणून ४ लाखांचा प्रकल्प. पण जल जीवन मिशनचं खेड्यासाठीचं माप माणशी ५५ लिटर आहे. तोच गुणाकार केला तर १ लाख ५८ हजार. खरं काय ते ओढाच सांगणार.

ओढा नदीकडे वळतो त्याच्या वर एक दगडी मोरी आहे. तिथे पाणी दादा आणि मामा यांनी मिळून आमची फळी चिकणमाती आणि वाळूच्या पोत्यांनी पक्की बसवली. सगळं पाणी आता व्हीच्या खाचेतून पडू लागलं. मागे पट्टी रोवली. खाचेत पाणी किती उंच चढतं त्यावरून ते किती वाहतंय हे कळतं. संध्याकाळी सहाला पहिली नोंद झाली. पुढे चोवीस तास, दर तासाला पट्टी वाचायची आणि पाणी जितकं वाहतंय त्या प्रमाणात नमुना एका मोठ्या बरणीत ओतायचा, असं ठरलं.

चौथा दिवस : ओढ्याकाठी

रात्रीच्या पाळ्या आम्ही वाटून घेतल्या होत्या, पण मला झोप आली नाही. ऊसतोड चालू होती. रस्त्यानं ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या रात्रभर चालल्या होत्या, दूर कारखान्याच्या गळिताचा गोडसर वास. पहाटे अडीचला पट्टीवर फक्त ३ सेंटिमीटर पाणी. सेकंदाला पाव लिटरही नाही. विजेरीच्या उजेडात खाचेतून करंगळीएवढी धार पडत होती.

साडेपाचला ओढा जागा झाला. नळाला अजून पाणी आलं नव्हतं, तरी पट्टी चढायला लागली. पाण्याला शेणाचा आणि दुधाचा वास. गोठे धुतले जात होते, धारा काढून झालेल्या किटल्या विसळल्या जात होत्या. आमच्या कुठल्याच ठोकताळ्यात गोठा नसतो. या भागात तो सगळ्यात आधी उठतो.

मग साडेसहा, सव्वासात, आठ. पाणी दादांनी सांगितलेल्या वेळा बरोबर वीस-पंचवीस मिनिटांनी ओढ्यात उतरत होत्या. नऊच्या नोंदीला पट्टी ११ सेंटिमीटर. रात्रीच्या पावणेचार पट उंची, पण पाणी पावणेचार पट नव्हे. व्हीच्या खाचेत पाणी उंचीच्या अडीचाव्या घातानं वाढतं. म्हणजे ते पंचवीस पटींहून जास्त झालं होतं. सेकंदाला साडेपाच लिटर. साबणाच्या फेसाचे गोळे खाचेवरून उड्या मारत होते. दादा माझ्या वहीत वाकून बघत होते. मी त्यांना गणित समजावलं, तर ते म्हणाले, "म्हंजे मी वॉल्व्ह फिरवतो तसं हितं दिसतंय."

"हो. उद्या इथे काही बांधलं तर ते तुमच्या वॉल्व्हच्या तालावरच चालेल."

त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "चालवायचं कुणी?" मी म्हणाले, तेच ठरवायला आलेय.

पट्टी सहकारीच्या हवाली करून दहाला गावात फिरायला निघाले. बहुतेक घरांत संडास आहे, खाली सेप्टिक टँक आहे आणि टँकचं वरचं पाणी गटारात. टँक किती वर्षांनी उपसता, या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर, 'अजून भरला न्हाय'. टँक भरल्याचं वर कळत नाही, ही त्याची खोड. गाळ चढत जातो, पाण्याला आत थांबायला जागा उरत नाही, आणि मैला तसाच बाहेर पडू लागतो. दोन-तीन वर्षांनी उपसला तर हाच टँक निम्मं काम घरच्या घरी करतो. त्यासाठी नवा प्रकल्प लागत नाही. उपसणारी गाडी तालुक्यातून ठरल्या दिवशी यायला हवी, तिचा गाळ रानात कुठेही न ओतता ठरल्या जागी जायला हवा.

मधल्या आळीत एका घराच्या परसात मी थबकले. मोरीचं पाणी आधी दगडगोट्यांनी भरलेल्या खड्ड्यात पडत होतं, तिथून दोन पाट फुटले होते. एका पाटावर अळू, दुसऱ्यावर कर्दळ आणि केळी. एका पाटाच्या तोंडाला चिंधी आणि मातीचा बोळा. सत्तरीच्या आजी पाटाशी बसल्या होत्या.

"हा पाट बंद का, आजी?"

"आठ दिस ह्यो, आठ दिस त्यो. पाळीपाळीनं सोडायचं बाई. एकाच जागी पाणी लावलं तर माती कुजती, वास मारती. तिला वाळू द्यायची मंग परत खाती."

मी खाली बसले. खडीच्या वाफ्यात झाडं लावून सांडपाणी मुरवत नेण्याच्या पद्धतीवर जर्मनीत केथे झायडेल यांनी १९५० च्या दशकात संशोधन सुरू केलं. आपल्याकडे नागपूरच्या नीरी संस्थेची फायटोरिड ही पद्धत त्याच कुळातली. वनस्पतीच्या पोकळ देठांतून हवा मुळांपर्यंत उतरते, मुळांच्या आणि खडीच्या अंगावर जिवाणूंचा थर धरतो, आणि तो थर घाण खातो. वाफे चोंदतात ते सतत ओले राहिल्यानं. म्हणून दोन वाफे करून आळीपाळीनं विश्रांती द्या, असं आम्ही अहवालात लिहितो. आजींच्या परसात ते आठ-आठ दिवसांच्या पाळीनं चाललं होतं. सासूनं दाखवलं, म्हणाल्या. त्यांचं पाणी ओढ्यापर्यंत पोचतच नव्हतं.

दुपारी एक अडचणीची गोष्ट कळली. शाळेच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ आहे, माझ्या खांद्याच्या वर. ओढ्याचं तोंड आणि अख्खी खालची आळी त्या रेघेच्या खूप खाली. पाणी उतारानं न्यायचं तर शुद्धीकरण सगळ्यात खाली हवं. पुरापासून वाचवायचं तर वर हवं. मोटर असती तर बुडून जळाली असती. खडीचा वाफा जळत नाही, पण कृष्णेचा गाळ एकदा खडीत बसला की ती उकरून, धुऊन पुन्हा भरावी लागते. कुठल्याही पद्धतीला हा तिढा आहे, आणि आधीच्या प्रस्तावात पूर हा शब्दच नव्हता.

सहाला चोवीस नोंदी पुऱ्या झाल्या. बेरीज केली. दिवसाचं सांडपाणी १ लाख ५५ हजार लिटर. ४ लाख नव्हे.

आठला ग्रामसभा. मारुतीच्या देवळापुढे दीडशे माणसं, त्यात बायका पुष्कळ. मी आकडे सांगितले. खडीच्या वाफ्याला माणशी साधारण एक चौरस मीटर जागा लागते, गावाला म्हणून ३५-३६ गुंठे. आधी आडव्या भिंतींची गाळ बसवणारी टाकी नीट बांधली तर जागा आणखी कमी. वाफ्यात पाणी खडीच्या खाली राहतं, त्यामुळे डास होत नाहीत, वास येत नाही. वीज लागत नाही, माणूस मात्र लागतो. रोज एक तास, वर्षातून एकदा चार माणसं चार दिवस. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० वस्तीपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी तेव्हाच्या नियमानं माणशी २८० रुपयांपर्यंत मिळत होते, म्हणजे या गावाला १० लाखांच्या आसपास, त्यातला तीस टक्के हिस्सा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून.

"ते पाणी आमच्या उसाला द्या की," मागून एक शेतकरी म्हणाले. "नाल्याच्या पाण्यावर ऊस कसला जोर धरतो!"

जोर कशाचा ते मी मांडून दाखवलं. गावच्या सांडपाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र धरलं तर वर्षाला सव्वादोन टन. युरियाच्या ४५ किलोच्या शंभरावर गोण्या. निम्मं वाटेत हवेत गेलं तरी पन्नास राहतात. पण त्याच पाण्यात धुण्याच्या पावडरीचा सोडा आहे. काळ्या रानात निचऱ्याशिवाय हे पाणी सतत लावलं तर जमीन चोपण होते, म्हणजे घट्ट आणि नापीक. चोपण हा शब्द उच्चारल्याबरोबर सभा गप्प झाली. या पट्ट्यात क्षारपड झालेली रानं प्रत्येकानं बघितली आहेत. मी सांगितलं, आधी मातीची तपासणी, निचऱ्याचे चर, आणि भाजीपाल्याला हे पाणी अजिबात नाही.

मग खालच्या आळीतला एक तरुण उभा राहिला. आवाज चढलेला नव्हता.

"मॅडम, पूर आला की आधी आमची घरं जातात. गावाचं गटार आमच्या दारावरून वाहतं. आता गावाची घाण साफ करायची टाकीबी आमच्याच दारात का?"

कुणी काही बोललं नाही. कुठल्या आळीत कोण राहतं आणि का राहतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सकाळपासून माझ्या वहीत एकच चौकोन होता, ओढ्याच्या तोंडाशी, खालच्या आळीला लागून, कारण उतार तिकडे आहे. उतार पाण्याचा असतो खरा, पण घाण कुणाच्या दारात न्यायची हे पाणी ठरवत नाही. ते आम्ही नकाशा काढणारे ठरवतो. मी सभेपुढेच तो चौकोन खोडला आणि म्हणाले, वरच्या आळीचं पाणी वरच्या आळीच्या हद्दीत, मधल्याचं मधल्यात, खालच्या आळीचं फक्त त्यांचं स्वतःचं. तीन छोटे वाफे. वरचे दोन पुराच्या रेघेच्या वर बसतात. खालच्या आळीला वाफ्याऐवजी गाळ काढता येईल असं साधं तळं, पूर ओसरला की पंचायतीनं पहिलं काम त्याचं करायचं, हे ठरावात लिहून.

वरच्या आळीतून लगेच कुरबुर झाली. जागा नाही, वास येईल. सरपंचताईंनी सगळ्यांना बोलू दिलं. अकरापर्यंत सभा चालली आणि ठराव झाला नाही. जागा बघायला तीन आळ्यांतून दोन-दोन माणसं नेमली, त्यातली एक सकाळच्या आजी. पाणी दादांचा पगार वाढवायचा की नाही हा प्रश्नही पुढच्या सभेवर गेला. मी तो वहीत पहिल्या क्रमांकावर लिहून घेतला.

पाचवा दिवस : सांगली, हरिपूर

निघताना आजींनी कर्दळीचे कंद भरलेलं पोतं गाडीत टाकलं. आमच्या आवारात चार पिंपं आहेत. गावच्या खडीकेंद्राची खडी त्यांत भरून, हेच कंद लावून, आधी तिथे सहा महिने बघायचं असं रात्री ठरलं होतं. या खडीत, या झाडांत, गोठ्याच्या पाण्याचं काय होतं हे कुठल्या पुस्तकावरून सांगायचं नाही.

सांगलीत आयर्विन पुलावर उतरलो. १९२९ चा पूल, खांबावर फुटांचे आकडे. ४५ फुटांना धोक्याची पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. फेब्रुवारीत खाली नदी इतकी निमूट असते की तो आकडा खरा वाटू नये. शहराचं सांडपाणी आणणारा शेरीनाला याच काठावर नदीला भेटतो. त्याचं पाणी उपसून धुळगावच्या बाजूला नेऊन शेतीला देण्याची योजना सांगलीकरांच्या बोलण्यात कित्येक वर्षं आहे. एवढ्या शहराचं पाणी एका तोंडाशी गोळा झाल्यावर ते उचलून दूर न्यायला पंप, पाइप, वीज, सगळंच मोठं लागतं. पुलावर उभं राहून मला कालच्या तीन आळ्या आठवत होत्या.

दुपारी हरिपूर. चिंचेच्या झाडांचा रस्ता, जमिनीखालच्या हळदीच्या पेवांचं गाव. संगमेश्वराच्या मागे पायऱ्या उतरल्या की वारणा कृष्णेला मिळते. सहकारी शेवटची बाटली भरत होती तेव्हा साताऱ्याहून फोन आला. त्या बंद प्रकल्पाच्या नमुन्यांची बीओडी. येणारं पाणी लिटरला २२० मिलिग्रॅम. पाणकणसाच्या रानातून बाहेर पडणारं ७०.

नियमाला ३० च्या आत लागतं, म्हणजे ७० ही पास होण्याजोगी गोष्ट नाही. शिवाय तो एका क्षणाचा नमुना होता, चोवीस तासांचा नव्हे, आणि त्यात रोगजंतू किती ते आम्ही तपासलेले नाहीत. हे सगळं मी तिथेच वहीत लिहिलं. तरी दोन तृतीयांश घाण त्या टाकीत थांबत होती. वीज नाही, ब्लोअर नाही, बंद पडल्यापासून कुणाचा हात नाही.

मी राखणीच्या काकांना फोन लावला. म्हणाले, "काय झालं मॅडम?" त्यांना आकडे सांगितले. ते म्हणाले, "पंचायतीनं ते रान पुढच्या महिन्यात जाळायचं ठरवलंय, साप निघतात म्हणून."

"जाळू देऊ नका. मी पत्र पाठवते. आणि येत्या सोमवारी मी स्वतः येते, फळी घेऊन. तुम्ही आहात ना?"

"मी हितंच असतो," ते म्हणाले.

सहकारीनं बाटली उजेडाकडे धरली होती. साका तपकिरी बसत होता, मेणवलीपेक्षा फिका. मामांनी डिकी उघडून कंदांच्या पोत्यावर नदीचं पाणी शिंपडलं. पुण्यापर्यंत ओल टिकायला हवी होती.